कोल्ह्यातून उघडायची साइट

ता. ११ ऑगस्ट, सोमवार

वही मागून उघडलीय. पुढून उघडली की फाडलेल्या बेडकाच्या पोटाचं चित्र लागतं. ही माझ्या नातीची, दीपिकाची, बारावीची वही. अर्धी कोरी राहिली म्हणून मला दिली. म्हणली, "आज्जी, दिवसभर बोलतीस त्यातलं अर्धं हितं लिहीत जा, कडूबाईचे कान तरी वाचतील." कडूबाई आमची शेजारीण. तिचे कान वाचवायची मला काय पडली न्हाई, पण लिहायची हौस लय. दोन सालामागं गावच्या शाळेत म्हाताऱ्यांचा वर्ग भरला, तिथं मी अक्षरं शिकले. परीक्षा दिली, पास झाले. आता एसटीची पाटी वाचते, औषधाची बाटली वाचते, काय न्हाई सापडलं तर बिस्किटाचा पुडा वाचते. कडूबाई म्हणती, पुडा खायला असतो. तिला काय कळतंय.

घरात आता आमी दोघीच. माझा ल्योक बिरदेव आन् सून राजेश्री मेंढरं घेऊन जिंतूरच्या माळाला गेलेत. हिकडं झरीच्या शिवारात पावसाळ्यात सगळं सोयाबीन न् कापूस, मेंढराला पाय टेकायला जागा न्हाई. घरी दीपिका, मी, तीन शेरड्या आन् बिरदेवचा जुना फोन. त्यानं नवा घेतला, जुना आमाला ठेवला. दीपिका खुरपायला गेली की फोन माझ्या चंचीत, तंबाखूच्या शेजारी. दीपिकानं तो माझ्यासाठी मराठीत करून दिलाय.

आज तिनं फोनात एक नवीन चित्र आणलं. आधी एक रंगीत चेंडू होता, इंटरनेट त्यातूनच उघडायचं. आता त्याच्या शेजारी नारंगी शेपटीचा कोल्ह्या येऊन बसलाय. मी म्हणलं, "बये, मेंढरवाल्याच्या घरात कोल्ह्या? तुझ्या बापानं बघितलं तर काठी घेऊन धावल."

ती हसली न्हाई. म्हणली, "आज्जी, हे दोन्ही बी ब्राउझर हायेत. दोन दारं म्हण. नर्सिंगची साइट ह्या कोल्ह्यातूनच उघडायची. चेंडूत ती चालत न्हाई."

"आन् बाकीचं?"

"बाकीचं चेंडूतून. तुझी कीर्तनं, पाऊस, काय बघायचं ते बघ. नर्सिंग तेवढं कोल्ह्यात. ध्यानात राहील का?"

"दोनशे मेंढरातलं कोणतं कुणाचं ते सांगते मी तोंड बघून. दोन चित्रं ध्यानात राहायची न्हाईत?"

दीपिकानं दवाखान्यातली नर्स व्हायचा फॉर्म भरलाय. परीक्षा बी चांगली गेली. कॉलेज लागलं की मेसेज येणार. मला तर कुणाला सांगू न् कुणाला न्हाई असं झालंय, पण ती म्हणली गावात बोलू नको, दृष्ट लागती. बरं. गावात न्हाई बोलत.

ता. १५ ऑगस्ट, शुक्रवार

आज खुशीचा दिवस. सकाळी शाळेत झेंडा झाला, लाडू मिळाला. दुपारी बिरदेवचा फोन. सेलूच्या दिनकररावांच्या घरचं स्थळ आलंय दीपिकाला. पोरगं कापसाच्या जिनिंगमधी कामाला, घर पक्कं, नळ दारात. बिरदेव म्हणला, "आई, मी जबान दिलीय. अठ्ठावीस तारखेला गुरुवारी सुपारी फोडायला येतेत."

मी खुशीनं कडूबाईकडं गेले, आले, परत गेले. एका पोरीला एकाच महिन्यात दोन चांगल्या गोष्टी! हिकडून नर्स, तिकडून सेलू. मी मनात सगळं बघून बी घेतलं. सेलूच्या दवाखान्यात आमची दीपी पांढऱ्या कपड्यात, आन् मी टोचून घ्यायला रांगेत न थांबता आत.

दीपिकाला सांगितलं तर लाजली. भांडी घासायला बसली, घासलेली भांडी परत राख लावून घासली. आमच्या वेळी बी असंच होतं, लाजेनं काय सुधरत न्हाई.

मंग बाहेर येऊन एवढंच इचारलं, "आज्जी, बाबाला फोनवर नर्सिंगचं काय बोललीस का?"

"न्हाई बाई. त्यानं सेलूचंच एवढं सांगितलं की मला तोंड उघडायला फटच मिळाली न्हाई."

"चेंडूत काय उघडलंस?"

"कीर्तन."

"बरं," म्हणली. जेवली न्हाई. खुरपून दमती पोरगी.

ता. १९ ऑगस्ट, मंगळवार

आला! मेसेज आला! अक्षरं कशी बी पडायलीत.

दीपिका रानात. मी शेरडीखाली धार काढायला बसलेले. चंचीत फोन टिंग झाला. अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. दीपिकाचं नाव वाचलं. नांदेड वाचलं. ता. २१ ते २५, सायंकाळी पाचपर्यंत मान्य करा, न्हाईतर जागा दुसऱ्याला, हे बी वाचलं. खाली निळी ओळ होती. तिच्यावर बोट ठेवलं तर फोननंच मला इचारलं, कशात उघडू? वर चेंडू, त्याच्या खाली कोल्ह्या, आन् सगळ्यात खाली दोन शब्द: "फक्त एकदाच" आन् "नेहमी". दोन्ही बी मराठीत. दोन्ही बी न अडखळता वाचले!

आता कोणतं दाबावं? माझ्या सासूनं मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच शिकवलं होतं. मेंढी व्याली आन् बघणारीनं इचारलं, "यंदाच का नेहमी?" तर "यंदाच" असं तोंडातून काढायचं न्हाई. मेंढरं उठून जातेत. "नेहमी" म्हणायचं, आन् हळद लावायची. चाळीस सालं मी "नेहमी"च म्हणत आलेय. एवढी चांगली खबर दारात आलेली, आन् मी तिला "फक्त एकदाच" म्हणू? इतकी येडी न्हाई मी. "नेहमी" दाबलं. फोनला हळद लावायची राहिली तेवढी.

शब्दांच्या नादात वर कोण बसलंय ते बघायचं राहिलं. चेंडू होता. पण उघडली की साइट! झक्कास उघडली. निळी पट्टी, दीपिकाचा फोटो, सगळं. दीपिका म्हणली होती चेंडूत चालत न्हाई. माझ्या हाताला यश म्हणायचं.

दिवस मावळायला ती आली. मेसेज दाखवला तर खुरपं टाकून खालीच बसली आन् दोन्ही हातानं तोंड झाकून रडली. मी बी रडले. शेरडी बी ओरडली, तिचं दूध अर्धंच काढलेलं.

ता. २० ऑगस्ट, बुधवार

बिरदेवचा फोन सकाळीच.

"आई, घरच्या फोनात कोण काय बघायलंय? मी पाऊस बघायला इंटरनेट उघडलं, तर माझ्या फोनात वरच नर्सिंगचं काय तरी आलंय. दीपीचा फोटो हाय त्यात."

मला एवढा आनंद झाला! म्हणलं, "तुझ्यात बी दिसलं का? जिंतूरपर्यंत? अरे, लागलं कॉलेज! नांदेडचं! एकवीसपासून पंचवीसच्या आत मान्य करायचं, मंग जायचं. चार साल शिकायचं, मंग नर्स!"

गावात न्हाई बोलले मी. बिरदेव काय गाव हाय का. बाप हाय.

तिकडून नुसता वाऱ्याचा आवाज. मला वाटलं माळावर रेंज गेली. "हालो, हालो" केलं. मंग म्हणला, "येतो मी," आन् ठेवला.

बघा, खुशीनं यायलाय. मी दीपिकाला सांगायला थेट रानात गेले. चार बाया खुरपायलेल्या, त्यांच्यासमोर सांगितलं न्हाई, बांधाला बोलावून सांगितलं, की बाबाच्या फोनात तुझा फोटो दिसला, तो यायलाय.

ती पांढरीफट पडली. "कशातून उघडलंस आज्जी?"

"चेंडूतून. चांगली चालली की."

"काय केलंस गं तू," एवढंच म्हणली. खुरपं तिथंच टाकून गेली. मी मागून हाका मारल्या. चांगली खबर सांगितली, माझं काय चुकलं?

ता. २१ ऑगस्ट, गुरुवार

दिवस उगवायच्या आत बिरदेव न् राजेश्री दारात. मेंढरं चुलतभाऊ बजरंगकडं सोडून आलेत. बिरदेव बसला न्हाई, पाणी घेतलं न्हाई. फोन दे म्हणला, दीपिकानं दिला.

"मी न्हाई म्हणलं होतं ना? बारावी झाली, बास, म्हणलं होतं ना?" हे त्यांच्यात कवा झालं, मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, मार्क लागलेत. सरकारी कॉलेज हाय. होस्टेल हाय."

"मी सेलूला जबान दिलीय."

"माझी जबान कुणी इचारली?"

मी पुढं झाले नसते तर हात उठला असता. राजेश्री खांबाला धरून उभी. ती कधीच बोलत न्हाई बापापोरीत. मुकी मेंढी, म्हणते मी तिला मनात.

बिरदेव वाईट न्हाई, हे लिहून ठेवते. त्याचं म्हणणं, आमी आठ महिने रानोमाळ, पोरगी नांदेडला एकटी, तिच्यावर लक्ष कोण ठेवणार, तिला काय झालं तर मी कुणाला तोंड दाखवू. भितो तो. भ्यालं की वरडतो, लहानपणापासून.

मंग दुपारीच तो दीपिकाला चुडाव्याला सोडून आला, माझ्या लेकीकडं, शिवकन्याकडं. सुपारीच्या आदल्या दिवशी आणणार. कपडे राजेश्रीनंच भरून दिले. जाताना दीपिका माझ्या पाया पडली न्हाई. माझ्याकडं बघून म्हणली, "तुला खरं सांगितलं असतं तर तू गावभर केलं असतंस, म्हणून न्हाई सांगितलं. न सांगता बी केलंसच."

फोन बिरदेवनं माझ्याच हातात दिला. "आई, तुझ्या चंचीत ठेव. घराबाहेर न्यायचा न्हाई, कुणाला द्यायचा न्हाई. घरात तूच एक इश्वासाची."

मला अजून कळत न्हाई. खरं म्हंजे काय? काय सांगायचं होतं तिला?

ता. २३ ऑगस्ट, शनिवार

काल पोळा होता. लिहिलं न्हाई. पुरण केलं, कुणी खाल्लं न्हाई, शेरड्यांनी खाल्लं.

आज गुडघ्याचं औषध आणायचं सांगून झरीला गेले. फोन पिठाच्या डब्यात ठेवून गेले, घराबाहेर न्यायचा न्हाई म्हणला होता ना. झरीत रामप्रसादचं फॉर्म भरायचं दुकान हाय, दीपिकाचा फॉर्म त्यानंच भरला. गर्दी सरायची वाट बघत बाकड्यावर बसले. मंग सगळं सांगितलं आन् इचारलं, माझं चुकलं कुठं?

रामप्रसाद डोकं खाजवत म्हणला, "आज्जी, तुमच्या घरचा फोन आन् बिरदेवभाऊचा फोन एकाच खात्यावर हायेत. चेंडूत तुमी जे बघता ते तिकडं त्याच्या चेंडूत दिसतं."

"सगळं?"

"सगळं. तुमची कीर्तनं बी."

"आन् कोल्ह्या?"

"कोल्ह्याला तुमचं खातं ठाऊक न्हाई. त्यात बघितलेलं तिकडं जात न्हाई. म्हणून तर पोरीनं आणला."

"पण ती म्हणली चेंडूत चालतच न्हाई ती साइट."

तो माझ्याकडं बघत राहिला. "चालती की, आज्जी. चांगली चालती."

तवा कळलं. बाकड्यावरच कळलं. आजूबाजूला माणसं दाखल्याचे कागद घेऊन उभी, आन् मला वाटलं सगळ्यायला दिसायलंय माझ्या तोंडावर. लेकरानं बापापासून जपून एक कोपरा केला होता. मी त्याचं दार सताड उघडलं, वर बापाला हाक मारून दाखवलं. झक्कास उघडली म्हणून नाचले मी. ती भांडी दोनदा घासायलेली, ते लाजून न्हाई. मला एवढी अक्षरं येतात, आन् पोरीचं तोंड वाचता आलं न्हाई.

रामप्रसादला म्हणलं, "तूच मान्य करून दे."

"तिचा पासवर्ड लागतो, आन् ओटीपी तुमच्या फोनावर येणार. वर बिरदेव माझा दोस्त हाय, आज्जी. उद्या काठी घेऊन दुकानात येईल." जरा वेळानं तोच म्हणला, "मेसेजमधली निळी ओळ दाबू नका. तुमी 'नेहमी' केलंय ना, आता ती दर वेळी चेंडूतच उघडणार, आन् बिरदेवभाऊला दिसणार. कोल्ह्या उघडायचा आन् वरच्या पट्टीत पत्ता हातानं घालायचा." एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. सगळा इंग्रजीत.

सोमवारी पाचला मुदत संपती. चिठ्ठी चंचीत हाय. तंबाखू खायचं सोडलं, उगं कुणी चंची मागू नये म्हणून.

ता. २४ ऑगस्ट, रविवार

काय करू?

बिरदेव घरातच. सुपारीला माणसं यायचीत म्हणून शेरड्यांच्या गोठ्याचे पत्रे नीट करायलाय. मी दोनदा कोल्ह्या उघडला, दोनदा तो आत आला, दोनदा चंचीत कोंबला. एकदा म्हणलं मंडईचा भाव बघायलेय. "कशाचा?" म्हणला. "कोथिंबिरीचा." आमच्या दारात कोथिंबीर हाय.

त्याला सरळ सांगून बघितलं, "बिरदेवा, शिकू दे पोरीला." तो म्हणला, "आई, तुला जिंतूरच्या माळाचा वारा ठाऊक न्हाई का? तिथं मी रोज एकच इचार करतो, ही एकदा चांगल्या घरात पडली की मी मोकळा." मीच त्याला आठव्या साली शाळेतून काढून मेंढरामागं लावला.

तो नळावर गेला तवा शिवकन्याला फोन केला. तिचा साधा बटणाचा फोन, त्यात इंटरनेट न्हाई. म्हणलं, "उद्या तीनला दीपीला फोनवर आण."

"आई, दादाला कळलं तर माझं माहेर तुटलं."

"तुटलं तर मी चुडाव्याला येऊन राहते. आण."

"ती तुझ्याशी बोलायची न्हाई म्हणती."

"न बोलू दे. कोणतं बटण दाबायचं तेवढं सांगू दे."

ता. २५ ऑगस्ट, सोमवार

तीन वाजायच्या आधीच धान्याच्या कोठीमागं जाऊन बसले. बिरदेव गोठ्यावर चढलेला, वरून हातोड्याचा आवाज. हातोडा चालू तोवर मी चालू, असं ठरवलं. फोन वाजला. स्पीकर केला, आवाज बारीक केला, पदरात घेतला.

चार दिवसांनी आवाज ऐकला. "कोल्ह्या उघड." पुढं 'आज्जी' लावलं न्हाई.

"उघडला."

"वरच्या पट्टीवर बोट ठेव. अक्षरं येतील खाली. रामप्रसादभाऊची चिठ्ठी हाय ना? बघून एकेक दाब."

"मला इंग्रजी येत न्हाई, बाई."

"वाचायचं न्हाई. तोंड बघून ओळखायचं. पयलं अक्षर कसं दिसतं?"

"दोन कमानी जोडून."

"तसलंच खाली हुडक. दाब. मंग?"

"पोटाला काठी लावलेलं. काठी वर गेली."

"काठी कुणीकडं? डावीकडं का उजवीकडं?"

"चुलीकडं."

"आज्जी, मला तुझी चूल दिसत न्हाई हितून!" आन् हसली. आज्जी म्हणली आन् हसली. माझे डोळे भरले, मंग अक्षरं दोन दोन दिसाय लागली, मंग पदरानं पुसले. बांधातलं मेंढरू हुडकावं तसं एकेक हुडकलं. शेवटी टिंब, मंग अजून दोन अक्षरं. दाबलं. निळी पट्टी आली!

पासवर्ड शेरडीच्या नावाचा निघाला, चिंगी, पुढं आकडे. मला जरा लागलंच. मी घरात असून शेरडीचं नाव. मंग एका चौकटीत वाकडी अक्षरं, दचकलेल्या मेंढरांसारखी एकमेकांवर चढलेली. ती घालताना मी दोनदा चुकले. घड्याळात सव्वाचार. ओटीपी आला, आकडे वाचून घालेपर्यंत वेळ संपली म्हणला. परत मागवला.

आन् हातोडा थांबला.

शिडीवरून उतरायचा आवाज. मी उठायला गेले, गुडघा उठेना. दारात सावली पडली. बघते तर राजेश्री. पदरात उजेड, त्यातून पोरीचा आवाज, "आज्जी, सहा आकडे, बिगी!" तिनं सगळं ऐकलं. मला वाटलं संपलं. ती वळली, दारात आमच्याकडं पाठ करून उभी राहिली, पदर दोन्ही हातानं पसरून, दार भरून, आन् बाहेर म्हणली, "आत्याबाई कपडे बदलायलेत. तुमाला चहा भाईर देते."

चाळीस साल मी बोलतेय आन् हिनं एका वाक्यात केलं.

सहा आकडे घातले. हिरवं बटण आलं. "दाबू?"

"दाब."

"परत काय इचारायलंय. दोन शब्द हायेत इंग्रजीत."

"डावीकडचा, आज्जी. तुझी चूल कुणीकडं बी असू दे, हात जोडतीस त्यातला डावा."

दाबला. चार वाजून चाळीस मिनिटं. मेसेज आला, झालं म्हणला. तिकडं दीपिका, शिवकन्या दोघी एकदम रडाय लागल्या. मला ओरडायचं होतं, पदर तोंडात कोंबला.

मंग दीपिका म्हणली उद्या पाचच्या आत कॉलेजात खरे कागद दाखवायचे. खरे कागद! ते तर पेटीत, किल्ली बिरदेवच्या करगोट्याला. मी कोठीमागंच बसून राहिले, एवढं करून पाण्यात. राजेश्री चहाचं भांडं घेऊन आत आली. मी पेटीकडं बघायलेय हे तिनं बघितलं.

"पेटी कशाला बघायलाव, आत्याबाई? फाइल चुडाव्याला गेली. कपड्यात मीच घातली."

मुकी मेंढी म्हणायची मी तिला.

ता. २६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळच्या गाडीनं दोघी चुडाव्याहून नांदेडला गेल्या. अडीचला शिवकन्याचा फोन: कागद घेतले, जागा पक्की, होस्टेलची खोली बी दाखवली. दीपिका तिथंच राहिली.

बिरदेव भाकरी खायला बसला. तो दुसरी भाकरी मोडायलेला तवा सांगितलं. सगळं. चिठ्ठी, कोल्ह्या, हिरवं बटण. राजेश्रीचं नाव घेतलं न्हाई. कागद मीच काढले म्हणलं.

"तू?" म्हणला. "तुला इंग्रजी कुठं येतं?"

"येत न्हाई. तोंड बघून दाबलं."

"मी फोन दीपीकडून काढून तुला दिला. तुला."

"व्हय."

"घरात तूच एक इश्वासाची म्हणलो."

"व्हय बाबा."

मला वाटलं वरडेल. वरडला न्हाई. ताटाला हात जोडले, अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला आन् गोठ्यावर चढला. सगळे पत्रे कालच ठोकून झालेले. तरी अंधार पडेपर्यंत वर ठोकत होता. कडूबाई कुडावरून म्हणली, "काय गं, किती खिळे ठोकायलाय तुझा ल्योक?" मी म्हणलं, "मोज की, तुला काय काम हाय."

पोरगी वाचली का पोरगा गमावला, मला कळेना झालंय. आनंद कुठं ठेवू ते सुधरत न्हाई.

ता. २७ ऑगस्ट, बुधवार

गावात गणपती यायलेत, ढोल वाजायलाय. आमच्यात कुणी कुणाशी बोलत न्हाई. उद्या सेलूची माणसं येणार. मी रात्रीच ठरवलं, दारात मीच उभी राहते आन् सांगते, पोरगी शिकायला गेली, जे काय बोलायचं ते मला बोला. पण मला भ्या होतं ते दुसरंच. पोरीनं न्हाई म्हणलं, पोरगी न सांगता गेली, असं एकदा सेलूत झालं की पाचशे घरात होतं. आमच्यात असली गोष्ट पोरीच्या जन्माला चिकटती. तिला पुढं कुणी इचारत न्हाई, आन् इचारलं तर त्याच गोष्टीनं इचारतेत.

दुपारी मी भाकरी थापायलेय, बिरदेवनं ओट्यावर जाऊन फोन लावला. ढोलामुळं मोठ्यानं बोलावं लागलं, म्हणून मला ऐकू आलं.

"दिनकरराव, राम राम. बिरदेव बोलतोय. उद्या येऊ नका. ... न्हाई न्हाई, आजारी कुणी न्हाई. सोयरीक न्हाई करायची मला. ... न्हाई, पोरीचं काय न्हाई त्यात. पोरगी न्हाई म्हणलीच न्हाई, तिला तर मालूम बी न्हाई. मीच तिला शिकायला घातलं नांदेडला. माझंच मन फिरलं. ... व्हय, जबान मीच दिली होती, मोडली बी मीच. काय बोलायचं ते मला बोला."

तिकडून बोलले. लय बोलले. तो उन्हात उभा राहून ऐकत होता, मधीमधी "व्हय" म्हणायलेला, "बरोबर हाय तुमचं" म्हणायलेला. राजेश्री चुलीपाशी पीठ मळायचं थांबली. माझी भाकरी तव्यावर करपली, मी उलटवली न्हाई.

मंग तो आत आला. माझ्याकडं बघितलं न्हाई, राजेश्रीकडं बी न्हाई. ताट घेऊन भिंतीकडं तोंड करून बसला.

"सुट्टी कवा असती त्यायला?" भिंतीला इचारलं.

भिंतीच्या वतीनं मीच सांगितलं, "ठाऊक न्हाई, बाबा. इचारून सांगते."